वार कोणाची, गाईची की वासराची?

प्रश्न थोडक्यात असा: घरची संकरित होल्स्टीन गाय. गेल्या वेताला वार अडकली, गावातल्या एकाने हात घालून ओढून काढली, गर्भाशयात पू झाला आणि पुढचे काही महिने वाया गेले. नंतर भरवली तेव्हा २१ व्या दिवशी माज दिसला नाही म्हणून सगळे निश्चिंत झाले आणि ३२ व्या दिवशी ती उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. त्यानंतर पुन्हा भरवली, ती आता पाच महिन्यांची गाभण आहे. मुलगी जैवतंत्रज्ञान शिकते. ती म्हणते, गाभणपणातले बरेचसे हार्मोन वारच बनवते आणि त्यासाठी वारेत वेगळी जनुकं चालू असतात. हे खरं आहे का? ३२ व्या दिवशी नेमकं काय झालं? आणि या वेळी वार अडकू नये म्हणून आधीच एखादं इंजेक्शन देऊन ठेवावं का?

मुलगी बरोबर सांगते आहे. मी त्यात एवढंच घालीन की ती जनुकं गाईची नाहीत, वासराची आहेत. वार गाईच्या पोटात असते म्हणून आपण ती गाईची धरतो, पण ज्या एका पेशीतून वासरू होतं तिच्यातूनच वार होते. म्हणजे वारेत निम्मा वाटा वळूचा. हे एकदा ध्यानात घेतलं की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच धाग्यात येतात.

पुढच्या वेळी वार पडली की हातमोजे घालून ती पाण्याने धुवा आणि पसरून बघा. पातळ, करडट गुलाबी पडदा, त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं आणि जागोजागी गडद तांबडे, खडबडीत गोल चट्टे दिसतील. ही वासराकडची बटणं. त्यांच्यासमोर गर्भाशयाच्या आतल्या अंगाला तशाच गाठी असतात, साधारण ७० ते १२०. बटणातले बारीक तंतू त्या गाठीतल्या खळग्यांत रुतून बसतात. प्राणवायू, साखर, हार्मोन यांची देवघेव मुख्यतः तिथे होते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या सगळ्यांत रचना हीच. दोन्हीकडचं रक्त मात्र कुठेही एकमेकांत मिसळत नाही, मधे पेशींचे थर राहतात. माणसातही रक्त मिसळत नाही, पण तिथे वारेचे तंतू आईच्या रक्तातच बुडालेले असतात. या फरकाचा तुमच्या वासराशी थेट संबंध आहे, तो पुढे सांगतो.

आता पहिले तीन आठवडे. रेतनानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भ बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतो. सातव्या दिवशी तो जेमतेम एक ठिपका असतो. आठव्या ते दहाव्या दिवसात कवच फोडून बाहेर येतो. तेराव्या दिवशीही दोन-एक मिलिमीटरचाच असतो, आणि मग तीन-चार दिवसांत त्याचा कित्येक सेंटिमीटर लांब धागा होतो, इतका की पुढे तो गर्भाशयाच्या दुसऱ्या शिंगातही शिरतो. या धाग्यात वासरू म्हणावं असा भाग म्हणजे एक बारीकशी चकती. बाकी सगळी भावी वार. आधी वार वाढते, वासरू मागून.

एवढी घाई कशासाठी? गाईचं गर्भाशय गर्भाची फार वाट बघत नाही. सोळाव्या-सतराव्या दिवशी ते प्रोस्टाग्लँडिन सोडायला लागतं. ते अंडाशयातल्या पीतपिंडापर्यंत, म्हणजे गाभण टिकवणारा प्रोजेस्टेरॉन हार्मोन बनवणाऱ्या गाठीपर्यंत, पोचलं की पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि गाय माजावर येते. गर्भ आत असेल तर त्याने त्याच्या आत ‘मी आहे’ असं कळवायला हवं. तो निरोप म्हणजे इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन. धागा लांबत असताना त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशींत या प्रथिनाची जनुकं जोरात चालू होतात आणि वार गर्भाशयाला चिकटली की गप्प होतात. गर्भाशयाच्या अस्तरात ऑक्सिटोसिन आणि इस्ट्रोजेन यांचे ग्राहक, म्हणजे हार्मोनचा निरोप झेलणारी प्रथिनं, बनवणारी जनुकं असतात, ती या निरोपामुळे दबून राहतात. ग्राहक नाहीत म्हणून प्रोस्टाग्लँडिनचे झटके नाहीत, म्हणून पीतपिंड टिकतो. मेंढीच्या गर्भातलं हे प्रथिन इंटरफेरॉनच्या कुळातलं आहे, हे १९८७ मध्ये पुढे आलं तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या, कारण इंटरफेरॉन म्हणजे विषाणूंशी लढायचं हत्यार एवढीच तोवरची ओळख. रवंथ करणाऱ्या जनावरांनी ते हत्यार गर्भधारणेच्या कामाला लावलं. घोडी, डुकरीण, कुत्री यांच्यात इंटरफेरॉन टाऊ नाहीच.

त्या निरोपाचा पडसाद गाईच्या रक्तातही उमटतो. अठराव्या ते विसाव्या दिवसाच्या सुमारास तिच्या पांढऱ्या पेशींत विषाणूविरोधी जनुकं वाढलेली सापडतात, जणू एखादा सौम्य संसर्ग झाला आहे. संशोधनात त्यावरून गाभण गाय ओळखता येते. गोठ्यात मात्र अजून त्याचा उपयोग नाही.

तुमचा ३२ वा दिवस इथे बसवू. गाय २१ व्या दिवसाच्या आसपास उलटली तर एक तर फलनच झालं नाही, किंवा गर्भ झाला पण वेळेवर लांबला नाही आणि निरोप पोचला नाही. ४२ व्या दिवशी उलटली तर आधी मुका (लक्षणं न दिसणारा) माज सुटला का हे विचारावं लागतं. ३२ हा आकडा एका पाळीत बसत नाही आणि दोन पाळ्यांतही बसत नाही. अशा वेळी मी म्हणतो, निरोप पोचला होता, पीतपिंड टिकला होता, आणि वार चिकटण्याच्या दिवसांत गर्भ गेला. दुसरीही शक्यता आहे: भरवली तेव्हाच गाय खऱ्या माजावर नव्हती. सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, स्वच्छ, काचेसारखी होती का, गाय दुसरीला अंगावर चढू देत होती का, हे आठवून बघा. सोट नव्हती आणि नुसती हंबरली म्हणून भरवली असेल, तर गर्भ झालाच नसणार आणि कुणाचा काही दोष नाही.

गर्भ लवकर का जातो याला एकच कारण नसतं, पण जास्त दुधाच्या संकरित गायींत एक गोष्ट नेहमी आढळते. भरपूर खाणाऱ्या गाईच्या यकृतातून रक्तही भरपूर वाहतं आणि यकृत प्रोजेस्टेरॉन भराभर मोडतं. पहिल्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन हळू चढलं की गर्भाशयाच्या अस्तरातली, गर्भाला पोसणारे स्राव बनवणारी जनुकं उशिरा जागी होतात. गर्भाची लांबण त्या स्रावांवर चालते. बशीत ठेवलेला गर्भ आपणहून तसा लांबत नाही. ज्या मेंढ्यांत गर्भाशयाच्या ग्रंथी वाढूच दिल्या नव्हत्या, त्यांच्यातही गर्भ लांबले नाहीत. आणि ऊन. रेतनानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत गर्भाला उष्णता सर्वांत जास्त बाधते. एप्रिल-मेमध्ये गाय भरवली की निदान ते दोन-तीन दिवस तरी सावली, पाणी, पंखा यांत कसूर नको. पत्र्याखाली दुपारभर धापा टाकणाऱ्या गाईला कितीही भारी वीर्यमात्रा दिली तरी पैसे पाण्यात.

वार चिकटायला लागते ती एकोणिसाव्या-विसाव्या दिवसापासून. आणि इथे वारेतल्या सगळ्यात विलक्षण पेशी कामाला लागतात. वारेच्या बाहेरच्या थरात साधारण पाचातली एक पेशी दोन केंद्रकांची असते. केंद्रक दुभंगतं पण पेशी दुभंगत नाही. मग ही पेशी आपल्या थरातून निघून पलीकडे सरकते, गाईच्या गर्भाशयाच्या पेशीला भिडते आणि तिच्यात मिसळून जाते. तीन केंद्रकांची एक पेशी होते, दोन वासराची आणि एक गाईचं. तिथून ती आपल्या पोटातला माल गाईच्या ऊतींत ओतते, म्हणजे वासराच्या जनुकांवरून बनलेले हार्मोन आणि प्रथिनं थेट आईच्या अंगात. हे मिसळणं घडवून आणणाऱ्या प्रथिनांपैकी एक, फेमाट्रिन, मुळात एका विषाणूचं आहे. कधीकाळी पूर्वजांच्या जनुकसंचात घुसून राहिलेल्या विषाणूचं जनुक आज गाय आणि वासरू जोडायला वापरलं जातं. माणसाच्या वारेतही असंच काम करणारं विषाणूचं जनुक आहे, पण ते वेगळ्या विषाणूकडून आलेलं.

या पेशी काय काय ओततात? एक, वारेचं लॅक्टोजेन. हे प्रोलॅक्टिनचं भावंड, कास भरण्याच्या तयारीत त्याचा हात असतो. दुसरं, पीएजी नावाची प्रथिनं. त्यांची वीसहून अधिक जनुकं गाईच्या जनुकसंचात आहेत. काही सुरुवातीला चालू होतात, काही पुढे. त्यांचं नेमकं काम काय यावर अजून वाद चालतो, पण आपल्या उपयोगाचं असं की ती रक्तात आणि दुधात उतरतात आणि २८ व्या दिवसापासून चाचणीत सापडतात. जिथे ही चाचणी मिळते तिथे दोन पथ्यं पाळा. व्याल्यानंतर पहिले दोन महिने जुन्या वारेची पीएजी अंगात रेंगाळतात, तेव्हा चाचणी फसवते. आणि गर्भ मेल्यावरही ती काही दिवस टिकतात. म्हणून तीसच्या आसपास ‘गाभण’ निघालेली गाय साठ-सत्तर दिवसांनी पुन्हा हाताने किंवा सोनोग्राफीने तपासून घ्याच. दुधातल्या प्रोजेस्टेरॉनची चाचणी वेगळी. २१ ते २४ दिवसांत ते कमी आलं तर गाय रिकामी हे नक्की. जास्त आलं तर गाभण असेलच असं नाही.

वारेतला हार्मोन ठरवणारा गर्भच, याचा सर्वांत झणझणीत पुरावा घोडीत मिळतो. घोडीच्या गर्भाच्या पेशी साधारण ३६ ते ३८ व्या दिवशी गर्भाशयात घुसून वाट्यांसारख्या रचना करतात आणि ईसीजी नावाचा हार्मोन सोडतात. जुनी मंडळी त्यालाच पीएमएसजी म्हणतात, शेळ्या-मेंढ्या एकदम माजावर आणायला आपण तोच वापरतो. घोडीच्या पोटात घोड्याचं शिंगरू असेल तर हा हार्मोन भरपूर. त्याच घोडीच्या पोटात गाढवाचं, म्हणजे खेचर, असेल तर अगदी थोडा. उलट गाढवीच्या पोटात घोड्याचं शिंगरू असेल तर तिच्या रक्तात तो तिच्या नेहमीच्या गाभणपणापेक्षा कितीतरी जास्त सापडतो. आई तीच, बाप बदलला की हार्मोन बदलला. गाईत आयजीएफ-टू या वाढीच्या जनुकाची बापाकडून आलेली प्रत वारेत चालू राहते आणि आईकडची गप्प बसते. त्याला आवर घालणारं जनुक मात्र आईकडचं चालतं. क्लोनिंगमध्ये कुठली प्रत चालू, कुठली गप्प हे ठरवणाऱ्या खुणा बिघडतात, म्हणून क्लोन केलेल्या वासरांच्या वारा बेढब होतात, पाणी साठतं, गर्भ जातात. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये क्लोन केलेली ‘गरिमा’ ही पारडी जन्मली, तिचं कौतुक एवढ्यासाठीही की अशा बहुतेक गाभणी मधेच तुटतात.

प्रोजेस्टेरॉन कोण पुरवतं हे जनावरागणिक वेगळं, आणि औषध हातात घेण्याआधी ते माहीत हवं. शेळीत शेवटपर्यंत पीतपिंडच, म्हणून गाभण शेळीला कोणत्याही महिन्यात प्रोस्टाग्लँडिन टोचलं की ती गाभडते, गर्भ टाकते. मेंढीत साधारण पन्नासाव्या दिवसानंतर वार स्वतःचं स्वतः भागवते. गाय मधली. २०० दिवसांपर्यंत पीतपिंडावाचून चालत नाही, पुढे वार थोडाफार भार उचलते. म्हैस ३१० दिवस गाभण राहते, बाकी हिशेब गाईसारखाच.

आता शेवट. वेत कधी होणार हे गाय ठरवत नाही, वासरू ठरवतं. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढीच्या पोटातल्या कोकराची पीयूषिका ग्रंथी निकामी केली, तर दिवस उलटले तरी मेंढी व्यायलीच नाही. कोकराला कॉर्टिसॉल दिलं, तर वेळेआधी व्यायली. अमेरिकेतल्या आयडाहोत मेंढ्यांनी गाभणपणाच्या चौदाव्या दिवशी व्हेराट्रम नावाची रानटी वनस्पती खाल्ली की एकाच डोळ्याची कोकरं होत. त्यातल्या काही मेंढ्यांचे दिवस लांबत, कारण कोकराच्या मेंदूखाली ती ग्रंथीच नसे. पूर्ण वाढलेल्या वासराचं कॉर्टिसॉल वाढतं आणि वारेत सीवायपी-१७ हे जनुक उसळी घेतं. ते प्रोजेस्टेरॉनच्या वाटेवरचा माल इस्ट्रोजेनच्या वाटेला वळवतं. इस्ट्रोजेन चढतं, प्रोस्टाग्लँडिन सुटतं, पीतपिंड विरतो, कळा सुरू होतात.

म्हणूनच गाभण गाईला शेवटच्या तीन महिन्यांत डेक्सामेथासोन टोचू देऊ नका. ते बाहेरून दिलेल्या कॉर्टिसॉलसारखंच, वारेला ते वासराचं वाटतं. लंगडते, सूज आहे, ताप आहे म्हणून सर्रास टोचलं जातं आणि दोन-तीन दिवसांत गाय अवेळी विते, वार हमखास अडकते. इंजेक्शन देणाऱ्याला गाय किती महिन्यांची गाभण आहे हे आपणहून सांगा, त्याने विचारलं नाही तरी.

वार का अडकते, याचं सगळ्यात गैरसमजाचं उत्तर म्हणजे ‘गर्भाशयात जोर नाही’. जोर असतो. सुटत नाहीत ती बटणं. नेहमीच्या वेतात शेवटच्या आठवड्यात त्या दोन केंद्रकांच्या पेशी कमी होतात, बटण आणि गाठ यांच्यातला चिकट कोलाजेन विरघळायला लागतो, आणि गाईच्या पांढऱ्या पेशींना वार परकी दिसायला लागते. ही तिसरी गोष्ट महत्त्वाची. गाभणपणात वासराच्या ओळखीची जनुकं वारेत बरीचशी दबलेली असतात, म्हणून आईचं शरीर निम्म्या परक्या जिवाला सहन करतं. अखेरीस ती ओळख उघडी पडते आणि पांढऱ्या पेशी बटणांवर तुटून पडतात. वासराची ही ओळख आईसारखीच असेल तर वार अडकण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. ज्या गाईंची वार पुढे अडकते, त्यांच्या पांढऱ्या पेशी व्यायच्या दोन आठवडे आधीपासूनच मंद असतात. याचा अर्थ बिघाड वेताच्या दिवशी होत नाही, आटवलेल्या (दूध बंद केलेल्या) काळात होतो.

मग तुमचं इंजेक्शन? हार्मोनचं नको. ऑक्सिटोसिन किंवा प्रोस्टाग्लँडिन गर्भाशय आवळतं, बटण सोडवत नाही. आधी दिलं तर उपयोग नाहीच, शिवाय प्रोस्टाग्लँडिनने गाय अवेळी विईल. गाय सातवा महिना संपता संपता आटवा, दूध कितीही असलं तरी. शेवटच्या तीन आठवड्यांत हिरवा चारा आणि खनिज मिश्रण चुकवू नका. नुसत्या कडब्यावर आणि वाळलेल्या चाऱ्यावर असेल तर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून त्याच काळात घ्या, कारण पांढऱ्या पेशींची धार त्यावर असते. व्यायच्या सुमारास कॅल्शियम घसरलं तरी वार अडकते. जुळी असतील, वासरू ओढून काढावं लागलं असेल, गाय गाभडली असेल तर धोका वाढतोच.

एवढं करूनही बारा तासांत वार पडली नाही तर ओढू नका, वीट बांधू नका. लोंबणारा भाग मांडीपर्यंत ठेवून त्याखालचा कापून टाका. रोज सकाळी ताप बघा. थर्मामीटर १०३ च्या वर गेला, गाईने चारा सोडला किंवा घाण वास येणारा पातळ, तांबूस स्राव आला, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि अँटिबायोटिक. तसं काही नसेल तर बटणं कुजून वार चार ते दहा दिवसांत आपोआप पडते. हात घालून सोलताना गाठी फाटतात, आत रक्त साकळतं आणि तुमच्याकडे गेल्या वेताला झालं तेच होतं.

आणि चीक. आपल्याकडे अजूनही कित्येक गोठ्यांत वार पडल्याशिवाय धार काढत नाहीत, वासराला चीक देत नाहीत. वर सांगितलं तसं गाईच्या आणि वासराच्या रक्तामधे पेशींचे थर राहतात, त्यामुळे प्रतिकारक प्रथिनंही वारेतून पलीकडे जात नाहीत. वासरू जवळजवळ रिकाम्या हातांनी जन्मतं. ती प्रथिनं चिकातून मिळतात आणि आतडं ती पहिल्या काही तासांतच सर्वांत चांगली शोषतं. चोवीस तासांनी दार बंद. दोन तासांच्या आत पहिला चीक, पहिल्या दिवसात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर. शिवाय वासरू लुचलं की गाईचं स्वतःचं ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने वारेचं नुकसान काहीच होत नाही. खरवस वासराचं भागल्यावर उरलेल्या चिकाचा.

पडलेली वार कुत्र्यापुढे टाकू नका. निओस्पोरा नावाचा गाभडवणारा परजीवी कुत्र्यातून पुन्हा चाऱ्यावर येतो. आणि उघड्या हाताने उचलू नका. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते, ब्रुसेला जिवाणूला ती फार मानवते, म्हणूनच तो वारेत जमून बसतो आणि उशिराच्या महिन्यांत गाय गाभडवतो. तोच जिवाणू माणसात महिनोन्महिने उतरत-चढत राहणारा ताप आणि सांधेदुखी देतो. गोठ्यात सहाव्या महिन्यानंतर कुणी गाभडली असेल तर तुमच्या गाईचं रक्त आता, पाचव्या महिन्यातच तपासायला द्या. घरात कालवडी असतील तर त्यांना चार ते आठ महिने वयात ब्रुसेलाची लस टोचून घ्या, लस टोचणाऱ्याने हातमोजे घातले आहेत ना हेही बघा. वारेला खोल खड्डा, वर चुना.